फाटकाबाहेरची शाळा

तुझ्या लेकीला इथल्या द्विभाषिक शाळेत प्रवेश मिळाला, फार छान झालं. तुझा अजून व्हायचाय. तो कुठल्या फॉर्मवर होत नाही आणि त्याला निदान एक वर्ष लागतं, म्हणून हे सगळं बसून लिहून काढतेय. फोनवर बोलताना तुझं अर्धं लक्ष गॅसवर असतं.

आधी फाटकाचं सांगते. फ्रान्समधली शाळा द्विभाषिक असो की साधी, सकाळी तिचं फाटक जेमतेम दहा मिनिटं उघडं असतं. तेवढ्यात मूल आत सोडायचं. आत जाऊन वर्ग बघू, बाईंशी दोन शब्द बोलू, दप्तर जागेवर ठेवून येऊ, असलं काही नाही. मातेर्नेलमध्ये, म्हणजे बालवाडीत, वर्गाच्या दारापर्यंत जाऊ देतात. सेपेपासून, म्हणजे आपल्या पहिलीपासून, फाटकाशीच टाटा. २०१५च्या पॅरिसमधल्या हल्ल्यांनंतर तर फाटकासमोर घोळका करू नका अशा पाट्या लागल्या. भारतातून आलेल्या आयांना हे सगळं तुसडेपणाचं वाटतं. तसं मनात आणू नकोस. आतलं राज्य शिक्षकांचं, तिथे पालकांनी लुडबुड करायची नाही, हा इथला जुना संकेत आहे. पण फाटकाच्या बाहेर पालकांचं जे राज्य आहे ते चांगलं ऐसपैस आहे. शाळेची जत्रा, सहली, केकविक्री, निवडणुका, सेक्शनचा, म्हणजे शाळेतल्या दुसऱ्या भाषेच्या वर्गांचा, पैसा, सगळं तिथे चालतं. तुला शिरायचंय ते तिथे.

आणि शिरायचं ते कामातून, भाषेतून नव्हे. हा माझा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा कानमंत्र. आपल्या मुली काय करतात, आधी फ्रेंच शिकते, मग लोकांत मिसळते म्हणतात. दोन वर्षं जातात, क्लासच्या फिया भरून होतात आणि फाटकाशी उभ्या राहून मोबाइल बघत बसतात. तू उलट कर. आधी काम घे. कामाला लागणारं फ्रेंच फार थोडं असतं आणि ते आठवडाभरात जिभेवर बसतं.

एक शब्द मात्र पहिल्या दिवसापासून यायलाच हवं. बोंझूर. फाटकावरच्या शिपायाला, कांतीनमधल्या, म्हणजे शाळेच्या भोजनगृहातल्या, बाईला, शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बापाला, कुणालाही काहीही विचारण्याआधी बोंझूर मादाम, बोंझूर मस्य. ते न म्हणता थेट प्रश्न विचारलास तर समोरच्याचा चेहरा आखडतो आणि तुला वाटतं आपलं इंग्रजी त्यांना आवडलं नाही. इंग्रजीचा काही संबंध नसतो. बाईंशी कायम ‘व्हू’ने बोलायचं, अहोजाहो. पालक आपसात लवकरच ‘त्यू’वर येतात, पण ते त्यांनी सुचवू दे. मुलं बाईंना मेत्रेस म्हणतात, तुझीही म्हणेल.

बाईंशी बोलायचं असेल तर वही आहे. काये द लिएझों म्हणतात तिला, शाळा आणि घर यांच्यात ये-जा करणारी. रोज संध्याकाळी उघडायची. आत चिकटवलेल्या प्रत्येक चिठ्ठीखाली सही करायची, वाचली असं कळण्यासाठी. सही नसेल तर दुसऱ्या दिवशी मुलीला विचारलं जातं, आणि ते मुलांना फार लागतं. तुला भेट हवी असेल तर त्याच वहीत दोन ओळी लिहायच्या: बोंझूर, अमुक विषयावर बोलायचं आहे, कधी येऊ. इंग्रजीत लिहिलंस तरी सेक्शनच्या शाळेत चालतं, पण मोडक्या फ्रेंचमध्ये लिहिलंस तर त्या दोन ओळींचं मोल वेगळं होतं. सप्टेंबरात पहिल्याच आठवड्यात ही वही कागदांनी फुगलेली येईल. त्यातला एक कागद विम्याचा असेल. सहलीला जायचं तर मुलाचा शालेय विमा लागतो, त्याचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेव. घराच्या विम्यात त्यातला एक भाग बरेचदा असतोच, आधी तो बघ. उगीच दोनदा पैसे भरू नकोस.

सप्टेंबरातच पालकांची सभा होते. मुलांना नेऊ नकोस, ही सभा मोठ्यांची. मुलांच्याच इवल्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं आणि बाई वर्षभर काय करणार ते ऐकायचं. इथे स्वतःच्या मुलीबद्दल विचारायचं नसतं. “माझी मुलगी जेवत नाही, काय करू” हा प्रश्न वहीतून. सभेच्या शेवटी एक कागद फिरतो, वर्षभरात कोण काय मदत करील याचा. तो तुझ्यापर्यंत आला की पुढे सरकवू नकोस. एका, फक्त एका ओळीवर नाव घाल. माझं ऐकशील तर पोहण्याच्या तासाला मदत, ही ओळ बघ. पाण्यात उतरून शिकवायला वेगळी परवानगी लागते, पण कपडे बदलायच्या खोलीत मदत करायला दोन हात पुरतात. पंचवीस मुलांचे उलटे झालेले मोजे सरळ करणं, ओल्या डोक्यावर टोप्या चढवणं, हरवलेला चष्मा बाकाखालून काढणं. त्या अर्ध्या तासात सगळ्या वर्गाला तुझं नाव कळतं. मग बाजारात एखादं पोर आईला ओढत तुझ्याकडे आणतं. मोठ्यांशी ओळख अशी मुलांकडून होते, आणि ती पक्की होते.

आता द्विभाषिक शाळेची खरी गोम सांगते. तिच्या फाटकावर दोन घोळके असतात. एक इंग्रजी बोलणाऱ्यांचा, एक फ्रेंचांचा. तुमच्या तुलूझला तर एअरबसमुळे पहिला घोळका चांगला भरघोस आहे. त्यात ब्रिटिश असतील, आयरिश असतील, बंगळूरहून आलेले आपले लोक असतील, कुणी फ्रेंच बायको केलेला अमेरिकन असेल. तुला पहिल्याच दिवशी हसून बोलावतील, व्हॉट्सॲपच्या ग्रुपात घालतील, डॉक्टर कुठला, तांदूळ कुठे, सगळं सांगतील. देवमाणसं असतात. पण ही मंडळी तीन-चार वर्षांच्या कंत्राटावर आलेली. दर जूनमध्ये त्यातली चार घरं सामान बांधतात, आणि तुझ्या लेकीची जिवाची मैत्रीण सिंगापूरला निघून जाते. फ्रेंच घोळका तुला बोलावणार नाही, त्यांची आपसातली ओळख मातेर्नेलपासूनची असते. पण तो घोळका लिसेपर्यंत, म्हणजे बारावीपर्यंत, तिथेच असणार आहे. म्हणून आठवड्यातले दोन दिवस मुद्दाम तिकडे उभी राहा. साडेचारला शाळा सुटते तेव्हा बरं. सगळ्यांच्या हातात मुलांचं गुते असतं, चार वाजताचं खाणं: पावाचा तुकडा आणि चॉकलेट, नाहीतर पिशवीतला सफरचंदाचा गर. मुलं खात असतात आणि मोठ्यांना दहा मिनिटं थांबावंच लागतं. हवापाणी, सर्दी, बाई आजारी आहेत का, यावर बोलायला फार भाषा लागत नाही.

इंग्रजी घोळक्याकडे पाठ फिरव असं मी म्हणत नाही, कारण तुमच्या सेक्शनचं घर त्यांच्यावरच चालतं. ही व्यवस्था नीट समजून घे, पुष्कळांना ती वर्षानुवर्षं कळत नाही. पॅरिसजवळ सां-झेर्मां-आं-ले इथे १९५२ साली नेटोच्या लष्करी मुख्यालयातल्या लोकांच्या मुलांसाठी एक शाळा निघाली, तिथून या आंतरराष्ट्रीय सेक्शनची परंपरा सुरू झाली. १९८१ सालच्या सरकारी आदेशाने देशभरातल्या अशा वर्गांना नियम लागू झाले. शाळा सरकारी, अभ्यासक्रम फ्रेंच, पण आठवड्याचे काही तास सेक्शनच्या भाषेत. प्राथमिकला निदान तीन, कोलेजमध्ये, म्हणजे माध्यमिकला, गेलं की त्या भाषेतलं साहित्य आणि इतिहास-भूगोलातला काही भाग. आता हे तास शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांचा पगार बऱ्याच ठिकाणी सरकार देत नाही. तो पालकांच्या असोसिएशनच्या वर्गणीतून होतो. म्हणजे सेक्शनमध्ये पालक नुसते पालक नसतात, शिक्षकांना नेमणारेही तेच असतात. वर्गणी थकली की कुणाचा तरी पगार थकतो.

ही असोसिएशन १ जुलै १९०१च्या कायद्याखाली नोंदलेली असते. इकडे बुद्धिबळाच्या मंडळापासून वृद्धाश्रमाच्या मित्रमंडळापर्यंत सगळ्या संस्था त्याच कायद्याखाली. अध्यक्ष, खजिनदार, चिटणीस, वर्षातून एक सर्वसाधारण सभा. त्या सभेला जा. चाळीस-पन्नास कुटुंबं असली तर दहाबारा जण येतात, आणि ज्या दिवशी खजिनदार “मी आता थांबतो” म्हणतो त्या दिवशी सगळे छताकडे बघतात. तू बँकेत काम केलंयस. लगेच खजिनदार होऊ नकोस, पहिल्या वर्षी त्याची मदतनीस हो. पावत्या, वर्गणीची यादी, एक्सेलचं पान. आकड्यांना भाषा लागत नाही, आणि ज्याच्या हातात यादी त्याला प्रत्येक घर माहीत. एक सांभाळ: कुणाची वर्गणी राहिली हे तुला कळेल, ते फाटकावर तोंडातून निघता कामा नये. नवऱ्यालासुद्धा सांगू नकोस.

शाळेच्या पालकांची आणखी एक वेगळी असोसिएशन असते, सेक्शनची नव्हे, सगळ्या शाळेची. नाताळची झाडं विकणं, सुटीआधीच्या शुक्रवारी फाटकावर केक विकणं, जुन्या खेळण्यांचा बाजार भरवणं, अशी कामं तिची. मिळालेल्या पैशांतून सहलीची बस आणि पुस्तकं येतात. या असोसिएशनमध्ये जवळजवळ सगळे फ्रेंच. तू दोन्हीकडे थोडं थोडं काम करणारी झालीस की दोन्ही घोळक्यांना तुझी गरज लागते. मी तीस वर्षं इथल्या शाळांची फाटकं पाहतेय, आधी माझ्या मुलांची, आता नातींची. दोन्हीकडे पाय असलेली माणसं प्रत्येक शाळेत दोन-तीनच असतात, आणि शाळेला जिवंतपणा त्यांच्यामुळे येतो असं माझं मत आहे.

आता केर्मेस. जूनअखेरची शाळेची जत्रा. वर्षातला हा एक दिवस तुझा. सकाळी मुलांची गाणी-नाच, मग पटांगणात खेळांचे ठेले. रिकाम्या डब्यांचा मनोरा रचून मोज्यांच्या चेंडूंनी पाडायचा, गळ टाकून पुठ्ठ्याचे मासे पकडायचे, तोंडं रंगवायची. एका कोपऱ्यात शेगडीवर मेर्गेझ नावाचे तिखट सॉसेज भाजत असतात, दुसरीकडे क्रेप, म्हणजे पातळ धिरडी. महिनाभर आधी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्यांचा तक्ता लागतो आणि तो कधीच पुरा भरत नाही. तू डब्यांचा ठेला घे. तिथे लागणारं सगळं फ्रेंच मी इथेच देते: “त्रुआ बाल”, म्हणजे तीन चेंडू; “ब्राव्हो!”, “ओ स्युइव्हां”, म्हणजे पुढचा या. संपलं. पोरगं रांग मोडून घुसलं तर डोळे वटारायला भाषा लागत नाही. अर्ध्या तासात दीडशे वेळा डबे रचशील, कंबर धरेल, पण शाळेतलं प्रत्येक मूल आणि त्यामागचा पालक तुझ्यासमोरून गेलेला असेल.

त्याहून मोलाची पाळी म्हणजे शेवटची, आवराआवरीची. तिला कुणी नाव देत नाही. मांडवाचे खांब उतरवणं, टेबलं गाडीत चढवणं, फुगे फोडणं. सहा वाजता पंधरा माणसं उरतात, दमलेली, तोंडावर काजळी. उरलेले क्रेप तिथेच उभ्याने खातात आणि शाळेतली खरी बातमी तिथे बोलली जाते: कोणत्या बाई निघणार, पुढच्या वर्षी दोन इयत्तांचा एकत्र वर्ग होणार का, संचालकांचं आणि नगरपालिकेचं का बिनसलं. मुलांना बापाबरोबर घरी पाठव आणि तू थांब.

मेंदीचा ठेला लावावासा वाटेल. लाव, पण फक्त साधी हिरवी मेंदी. काळ्या मेंदीतल्या रसायनाने कातडी भाजल्याची प्रकरणं इथे झाली आहेत, त्यामुळे पालक बिचकतात. पाकीट समोर ठेव आणि आईबापांना विचारूनच हात धर. माझ्या मते रांगोळी जास्त चांगली. पटांगणाच्या डांबरावर ठिपके तू काढून दे, मुलं खडूने जोडतील. वळीव आला तर धुऊनही जाते, झाडणाऱ्याची कुरकुर नाही.

खाण्याच्या बाबतीत आपला उत्साह आवर. सुरवातीलाच मोठ्ठा डबा घेऊन जाऊ नकोस. युरोपात खाण्याच्या वेष्टनावर ज्या १४ गोष्टी ठळक छापाव्या लागतात, त्यांची यादी डोळ्यांखालून घाल. शेंगदाणे आहेत, तीळ आहेत, काजू-बदाम आहेत आणि मोहरीसुद्धा आहे. म्हणजे चिक्की गेली, तिळगूळ गेला, ढोकळ्यावरची फोडणी गेली, आणि भाजीतलं दाण्याचं कूट तर विचारूच नकोस. वर्गात एखादं मूल असतं ज्याच्यासाठी डॉक्टर, शाळा आणि पालक यांनी मिळून लेखी करार केलेला असतो, काय खायचं नाही, त्रास झाला तर कुठलं इंजेक्शन. कूट घातलेली एक वडी तिथे जिवावर बेतू शकते. क्रीमचे, फ्रीजमध्ये ठेवावे लागणारे पदार्थही केकविक्रीला घेत नाहीत. मग उरतं काय? ओल्या नारळाच्या वड्या, शंकरपाळे, रव्याचा केक. नारळ त्या यादीत नाही, पण दूध आणि गहू आहेत, तेव्हा डब्यावर कागद चिकटव आणि एकूण एक जिन्नस फ्रेंचमध्ये लिही. चिठ्ठी नसलेला डबा टेबलाखाली जातो आणि संध्याकाळी जसाच्या तसा परत येतो. हिरमुसायला होतं.

कांतीनचं जेवण नगरपालिका चालवते. डबा द्यायची पद्धत नाही. दुपारी घरी आणलंस तर चालतं, पण मी म्हणेन आठवड्यातून दोन दिवस तरी तिथे जेवू दे, अर्ध्या मैत्र्या तिथे होतात. २०१८च्या कायद्यामुळे नोव्हेंबर २०१९पासून आठवड्यातून एक जेवण शाकाहारी असतं. त्यात अंडं आणि चीज धरलेलं असतं, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेव. बाकीच्या दिवशी मांसाशिवाय ताट मिळतं की नाही हे गावागणिक बदलतं. नगरपालिकेत विचार, शाळेत नको.

हा नगरपालिका आणि शाळा यांतला फरक पाठच कर. प्राथमिक शाळेची इमारत, कांतीन, शिपाई, शाळेनंतरचा सांभाळ हे नगरपालिकेकडे. शिकवणं आणि शिक्षक सरकारकडे. कोलेजची इमारत जिल्ह्याची, लिसेची प्रांताची. संडासात साबण नाही म्हणून तू वर्गाच्या बाईंना धरलंस तर त्या बिचाऱ्या काही करू शकत नाहीत. त्यासाठी शाळेची सभा आहे, कोंसेय देकोल. वर्षातून निदान तीनदा भरते, संचालक, शिक्षक, महापौर किंवा त्यांचा माणूस आणि पालकांचे निवडून दिलेले प्रतिनिधी एका टेबलाशी बसतात. संडास हा तिथला सदाबहार विषय, माझ्या मुलांच्या वेळीही होता. या प्रतिनिधींची निवडणूक ऑक्टोबरात होते. आईला एक मत, बापाला एक, आणि नागरिकत्व कुठलंही असो. भारतीय पासपोर्टवर या देशात तुला मिळणारं हे बहुधा पहिलं मत. मतपत्रिकेचं पाकीट मुलीच्या दप्तरातून येतं, ते जाहिरात समजून फेकू नकोस. काही ठिकाणी १९४७ साली निघालेली एफसीपीई, १९२६ सालची पीप अशा मोठ्या संघटनांच्या याद्या असतात, काही ठिकाणी गावातल्याच पालकांची स्वतंत्र यादी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुणी यादीत नाव घालू का विचारलं, तर हो म्हण. पुढे कोलेजात वर्गागणिक दोन पालक प्रतिनिधी असतात, ते वर्षातून तीनदा वर्गाच्या बैठकीला बसतात. तिथे सगळ्या मुलांचं प्रगतिपुस्तक उघडलं जातं. त्या खुर्चीत बसून स्वतःच्या मुलाची वकिली करणारा पालक मी पाहिलाय. सगळे नजरा चुकवत होते.

सणांचं थोडक्यात. जानेवारीत गालेत येतो, राजांचा केक. आत एक चिनीमातीची इवली बाहुली लपवलेली असते. सगळ्यात लहान मूल टेबलाखाली बसून कोणता तुकडा कुणाला ते सांगतं, ज्याच्या तुकड्यात बाहुली त्याला मुकुट. चावताना दात सांभाळ. २ फेब्रुवारीला क्रेप. १ एप्रिलला पाठीवर कागदी मासे चिकटवतात, तुझ्याही पाठीवर एखादा येईल, तो घेऊन दिवसभर फिरलीस तर मुलांना फार आनंद होतो. या सगळ्यात घरातली माणसं म्हणून सामील हो. दिवाळीबद्दल वर्गात सांगायला बोलावलं तर जरूर जा, कंदील कर, पणत्या दाखव, पण पूजा आणि आरती घरी. सरकारी शाळा धर्माच्या बाबतीत कडक तटस्थ असते, आणि मुलांनी ठळक दिसणारी धार्मिक चिन्हं घालू नयेत असा २००४चा कायदा आहे. गळ्यातलं बारीकसं लॉकेट चालतं. वाद घालायची ही जागा नव्हे.

तुझा धाकटा मातेर्नेलच्या पहिल्या वर्गात असेल. त्याच्याकडे कधीतरी शुक्रवारी वर्गाचं खेळण्यातलं अस्वल येईल, किंवा ससा, जे काही वर्गाचं लाडकं असेल ते. सोबत एक वही. शनिवार-रविवार ते तुमच्या घरी राहतं, आणि त्याने काय काय केलं ते तुम्ही फोटो लावून लिहायचं. सोमवारी बाई ती वही सगळ्या वर्गाला वाचून दाखवतात. फ्रेंच घरांची पानं बघशील: अस्वल जंगलात फिरायला गेलं, अस्वल आजीकडे गेलं. तू वही चाळ आणि मग तुमचं पान मनापासून कर. अस्वलाला पाटावर बसव, मोदकाची कळी पाडतानाचा फोटो काढ, खाली दोन ओळी फ्रेंचमध्ये आणि एक मराठीत, देवनागरीत. ती एक ओळ बाई वाचू शकत नाहीत. मग तुझ्या तीन वर्षांच्या मुलाला उभं करतात आणि विचारतात, इथे काय लिहिलंय? वर्गात गप्प बसणारी आपली मुलं अशा वेळी पहिल्यांदा तोंड उघडतात. आणि गप्प बसतात ती बसू देत. नव्या भाषेत आलेलं मूल काही महिने नुसतं ऐकतं, घाबरून घरात फ्रेंच सुरू करू नकोस. घरात मराठीच. सात-आठ वर्षांची झाली की लेक एक दिवस फाटकावर तुला म्हणेल, आई, इथे मराठीत बोलू नको. रागावू नकोस, आवाज थोडा खाली घे आणि मराठीतच बोल. त्यातून ती एक-दोन वर्षांत बाहेर येते.

तुझ्या स्वतःच्या फ्रेंचसाठी पैसे टाकण्याआधी एक चौकशी कर. परदेशी पालकांसाठी शाळांमध्येच मोफत वर्ग चालतात, ‘उव्रिर लेकोल ओ पारां’ नावाने, २००८पासून. प्रत्येक शाळेत नसतो, पण जवळच्या एखाद्या कोलेजात आहे का बघ. तिथे वहीतली चिठ्ठी कशी वाचायची, निकालपत्र कसं समजून घ्यायचं हेच शिकवतात.

निकालपत्रावरून आठवलं. प्राथमिकला आकडे बरेचदा नसतातच, आलं, येतंय, अजून नाही, एवढंच. कोलेजपासून गुण २०पैकी. आपण ९५ टक्क्यांच्या मुलखातून आलेलो, २०पैकी १३ पाहिले की पोटात गोळा येतो. इथल्या बाकालोरेआत, म्हणजे बारावीच्या परीक्षेत, १२ला बरी, १४ला चांगली आणि १६ला फार चांगली श्रेणी मिळते. निबंधाला २० देणारा शिक्षक मला भेटलेला नाही. १४ आणलेल्या मुलीला “बाकीचे सहा कुठे गेले” असं विचारलंस तर ती ते शाळेत सांगेल, आणि बाई तुला चहाला बोलावणार नाहीत.

भारताच्या तिकिटांचं बघून ठेव. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचं आहे, हा नियम २०१९पासूनचा. स्वस्त पडतं म्हणून सुटीआधी चार दिवस उडालात तर ते कारण धरत नाहीत. महिन्यात चार अर्धे दिवस विनाकारण गैरहजर असलं की शाळेला वर कळवावं लागतं. शाळेच्या सुट्यांसाठी तुम्ही ‘क’ विभागात, आम्ही लिओंवाले ‘अ’ विभागात, त्यामुळे फेब्रुवारी आणि एप्रिलच्या सुट्यांच्या तारखा नातींशी जुळतीलच असं नाही. ऑक्टोबरअखेरची आणि नाताळची सुटी सगळ्या देशाला एकच असते, तेव्हा या.

आणि शेवटचं. वर्षातून दोनदा तरी वहीत चिठ्ठी येईल: वर्गात उवा आल्या आहेत. ती सगळ्यांना येते, कुणाचं नाव नसतं. लाजून लपवू नकोस, आपल्याकडच्यासारखा याचा घाणेरडेपणाशी संबंध जोडत नाहीत. लेकीचे केस लांब, तेव्हा शाळेत जाताना वेणी घाल. आईला सांगून दुहेरी दातांची लाकडी फणी मागव, औषधाच्या दुकानात मिळते ती धातूची आणि महाग. त्या आठवड्यात जिच्या घरी ती खेळून आली असेल त्या आईला फोन करून सरळ सांग, डोकं बघून घे म्हणावं.